खांडस ते खांडस: भीमाशंकरच्या रानातला दिवसभराचा फेरा कसा आखायचा

डोंगरातला फेरा आखायचा असला की मी मशिनवरचं शिवण बाजूला करते आणि त्याच पाटावर नकाशा पसरते. मी बदलापूरला राहते, ब्लाऊज शिवते. दर हिवाळ्यात आमच्या आळीतल्या सात-आठ जणी मिळून एक मोठी चाल करतो. सगळ्या चाळिशी-पन्नाशीच्या. चाल शक्यतो फेऱ्याची घ्यायची, म्हणजे जिथून निघालो तिथेच परत यायचं, पण आलो त्या वाटेने नाही. सर्वात जास्त वेळा आम्ही केलेला फेरा खांडसचा आहे. खांडस हे भीमाशंकरच्या पायथ्याचं, कोकणाच्या बाजूचं गाव. शिडी घाटाने वर, भीमाशंकर, आणि गणेश घाटाने खाली. तोच समोर ठेवून सांगते. पद्धत एकदा हाताला बसली की दुसऱ्या कुठल्याही डोंगरात ती चालते.

फेराच का? पहिलं कारण साधं, गाडीचं. खांडसहून वर चढून पलीकडे भीमाशंकरलाच चाल संपवली, तर खाली ठेवलेली गाडी आणायला लोणावळा, चाकण, राजगुरुनगर असा दीडशे किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. पायी जे अंतर अर्ध्या दिवसाचं, ते रस्त्याने गेलात तर जवळजवळ तेवढाच वेळ खातं. दुसरं कारण माझ्या मनातलं. आल्या वाटेने परतताना पाय चालतात आणि डोळे झोपतात. नवी वाट असली की शेवटच्या तासालाही माणूस जागं असतं.

सह्याद्री अशा फेऱ्यांसाठीच घडल्यासारखा आहे. कोकण आणि देश यांच्यामधल्या भिंतीत जागोजागी घाटवाटा आहेत. दोन घाटवाटा शेजारीशेजारी असल्या आणि दोन्हींच्या पायथ्याची गावं जवळ असली, की एकीने चढायचं, माथ्यावरून चालायचं आणि दुसरीने उतरायचं. खांडसला तर दोन्ही वाटा एकाच गावातून निघतात. गाव सोडून थोडं पुढे गेलं की एक पूल लागतो. तिथून डावीकडे शिडी घाट, उजवीकडे गणेश घाट. दोन्ही वाटा अर्ध्या उंचीवर एका सपाटीला भेटतात आणि तिथून माथ्यापर्यंत एकच वाट जाते.

त्या सपाटीला पदर म्हणतात, आणि तिथल्या वस्तीला पदरवाडी. हा शब्द मला फार आवडतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसून हे डोंगर झाले. जो थर कठीण, तिथे कडा उभा राहिला, आणि जो मऊ, तिथे झिजून सपाटी झाली. म्हणून सह्याद्रीचा चढ कधी सलग नसतो. कडा, मग पदर, मग पुन्हा कडा. नकाशावर हे डोळ्यांना दिसतं आणि फेरा आखताना सर्वात जास्त कामाला येतं.

उतरायची वाट आधी

बहुतेक लोक चढायची वाट ठरवतात आणि उतरायचं तिथे गेल्यावर बघू म्हणतात. मी उलट करते. दिवसाचे शेवटचे तीन तास कुठल्या वाटेवर जाणार, हे आधी ठरवते. तेव्हा मांड्या थरथरत असतात, पाणी संपत आलेलं असतं, उजेड उतरत असतो आणि गप्पा थांबलेल्या असतात. त्या अवस्थेतल्या बाईला मी कुठल्या वाटेवर नेणार आहे? या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय मी नकाशावर पेन्सिल टेकवत नाही.

हे मी शिकले ते २०१४ साली. तेव्हा आम्ही सगळे करतात तसंच केलं, गणेश घाटाने चढून शिडी घाटाने उतरायचं ठरवलं. शिडी घाट आखूड, लवकर खाली पोचू, हा हिशेब. गणेश घाटाच्या लांब वाटेने दुपार खाल्ली, देवळात रांग लागली, आणि शिड्यांपाशी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शिडी घाटात तीन लोखंडी शिड्या आहेत आणि मधले टप्पे कातळाचे, अरुंद. माझी नणंद पहिल्या शिडीच्या तोंडाशी खाली बसली. रडली नाही, बोलली नाही, फक्त पुढे सरकेना. खाली पाय टाकायचा तर पाय कुठे पडतोय ते दिसत नव्हतं. पदरवाडीचे एक मामा सरपण घेऊन परतत होते. त्यांनी मोळी ठेवली, स्वतः खालच्या पायरीवर उभे राहिले आणि तिचा एकेक पाय हाताने धरून पायरीवर ठेवला. तीन शिड्यांना दीड तास लागला. त्यानंतरचं सगळं बॅटरीच्या उजेडात.

तेव्हापासून नियम असा: अवघड वाट चढायला, सोपी उतरायला. शिडीवर चढताना तोंड डोंगराकडे असतं, हात आधी वर जातो, डोळ्यांना पुढची पकड दिसते. उतरताना पाय अंधळा असतो. आणि सकाळी अंगात ताकद असते, अवघड काम तेव्हाच उरकायचं. गणेश घाट लांब आहे, पण रुंद आणि मळलेला. संध्याकाळच्या थकल्या पायांना तो सांभाळून घेतो.

तुमच्यात कुणाला शिडीचा धसकाच असेल तर हा फेरा घेऊ नका. गणेश घाटानेच चढा आणि उतरा. फेऱ्याच्या हट्टापायी कुणाला शिडीवर चढवायचं नाही. शिड्यांची अवस्था दर वर्षी पावसाळ्यानंतर खांडसमध्ये विचारायची. गेल्या वर्षी ठीक होत्या, यावर विसंबायचं नाही.

दोऱ्याने माप

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. संगणकावरून उतरवून छापून आणता येतो. त्यावर २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. मी पांढरा सुती दोरा ओला करते आणि वाटेच्या वळणावळणाने नकाशावर बसवत नेते. ओला दोरा वळण धरतो, कोरडा उसळतो. मग तो उचलून टेपला लावायचा. जे माप येईल त्यात एक तृतीयांश मिळवायचं, कारण घाटवाट जमिनीवर जेवढ्या वेळा नागमोडी वळते तेवढी कागदावर दाखवता येत नाही. शिवणात दुमडीचं कापड धरतो तसं.

मग उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेघा मोजायच्या. दोन रेघांमध्ये २० मीटर उंची. प्रत्येक पाचवी रेघ जाड असते, म्हणजे जाड रेघ ते जाड रेघ १०० मीटर. रेघा एकमेकींना चिकटल्या की कडा समजायचा, सुटून मोकळ्या झाल्या की पदर. खांडस ते भीमाशंकर चढ आठशे मीटरहून जास्त भरतो.

आता वेळ. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशेब घालून दिला: ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला वरचा एक तास. तो त्यांच्या थंड, उघड्या डोंगरांवर ठीक आहे. आपल्या दमट रानात, पाठीवर चार लिटर पाणी घेऊन, पन्नाशीच्या बायकांना तो लागू पडत नाही. माझं माप असं: ताशी ३ किलोमीटर, शिवाय दर १०० मीटर चढाला २० मिनिटं. उभ्या उतारालाही वेळ धरायचा, दर १०० मीटरला १० मिनिटं. उतार फुकट नसतो. गुडघे त्याचं भाडं घेतात. आणि एकूण वेळेवर दर दोन तासांना १५ मिनिटं थांबायची. तुमचा गट तरुण असेल तर माप बदला, पण पहिल्या फेऱ्याला माझंच धरा आणि घरी आल्यावर दुरुस्त करा.

हा हिशेब झाला की घड्याळ शेवटाकडून मांडायला सुरुवात करते. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य संध्याकाळी ६ च्या सुमाराला मावळतो. म्हणजे गणेश घाटातून साडेपाचला बाहेर पडलंच पाहिजे. घाट उतरायला तीन तास, म्हणजे पदरावरून अडीचला निघायला हवं. माथ्यावरून पदरापर्यंत दीड तास, म्हणजे भीमाशंकर एक वाजता सोडायचं. दर्शन, जेवण, पाय पसरणं याला सव्वा तास, म्हणजे वर पावणेबाराला पोचायचं. पदरावरून वरचा चढ अडीच तास, म्हणजे पदर सव्वानऊला. शिड्या आणि खालचा टप्पा पावणेतीन तास, म्हणजे पुलापासून साडेसहाला, झुंजुमुंजू होताना निघायचं. एकेक आकडा मागून पुढे असा लागत गेला की कुठे चैन आहे आणि कुठे नाही ते आपोआप दिसतं. आठ जणींनी एकामागून एक तीन शिड्या चढायला तासभर जातोच, कारण एका वेळी शिडीवर एकच बाई. वरची पूर्ण चढून बाजूला झाली की खालचीने हात लावायचा.

साडेसहाला पुलाशी उभं राहायचं तर रात्री खांडसमध्येच मुक्काम करावा लागतो. पहाटेच्या लोकलने कर्जत किंवा नेरळला उतरून कशेळ्यामार्गे एसटी किंवा टमटमने खांडसला येईपर्यंत उन्हं वर येतात. आम्ही आदल्या संध्याकाळी येतो. गावात घरगुती जेवण मिळतं, अंगणात झोपायची सोय होते. एका दिवसात जमणार नसेल तर वर भीमाशंकरला रात्र काढून फेरा दोन दिवसांचा करा. तोही सुरेख होतो. त्यात लाज कसली?

मधली सुटका

फेऱ्याचा एक धोका असतो, तो सरळ वाटेला नसतो. अर्ध्यावर गेल्यावर मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब होतं. कुणाचा पाय मुरगळला तर दोन्हीकडे तेवढंच अंतर. म्हणून ज्या फेऱ्याला मधून तोडायची सोय आहे तोच फेरा मी निवडते. खांडसचा फेरा मला आवडतो तो याच कारणाने. पदरावर दोन्ही घाट जोडलेले आहेत. माथा सोडून दिला तरी फेरा पूर्ण होतो, शिडी घाटाने वर, पदरावरून आडवं, गणेश घाटाने खाली. दुपारी घरी.

पदरावरचं घड्याळ म्हणून आमच्यात पक्कं ठरलेलं असतं. सव्वादहाच्या आत पदरावर पोचलो तर वर जायचं. सव्वादहा उलटले तर देवाला खालूनच हात जोडायचे. आणि वरच्या चढात साडेबारा वाजले की जिथे असू तिथून वळायचं, मंदिराचा कळस झाडांतून दिसत असला तरी. हे घरी, नकाशासमोर, सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं. डोंगरात ठरवायला गेलं की प्रत्येकीला वाटतं, माझ्यामुळे बाकीच्यांचं दर्शन चुकायला नको, आणि दमलेली बाई गप्प बसते. तीन वर्षांपूर्वी आम्ही असे पदरावरून वळलो. शेजारच्या वहिनींना ताप होता आणि त्यांनी तो लपवला होता. त्या दिवशी पदरवाडीत एका अंगणात बसून नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली, आणि शेजारच्या पदरगड किल्ल्याचा सुळका समोर ठेवून दोन तास नुसत्या बसलो. त्या फेऱ्याची आठवण आजही निघते.

ऋतू, ऊन आणि पाणी

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत हा फेरा करा. पावसाळ्यात शिडी घाट टाळा. कातळावर शेवाळ असतं, शिड्यांवर पाणी कोसळतं, आणि धबधब्याच्या मोसमात वाटा सरकारी आदेशाने बंदही होतात. पावसाळी भीमाशंकर बघायचंच असेल तर देशावरच्या बाजूने रस्त्याने जा. तेव्हाच्या रात्री तिथलं कुजकं लाकूड बुरशीमुळे हिरवट उजळतं, ते खरंच बघण्यासारखं आहे. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं आणि ऊन डोकं फोडतं. फेब्रुवारीनंतर ओहोळ आटतात. महाशिवरात्रीला मात्र या दोन्ही वाटा माणसांनी भरून जातात. भाविक रात्रभर चढतात. गर्दी आवडत असेल तर तो वेगळाच आनंद, पण शिड्यांवर खोळंबा धरून चला.

उन्हाची दिशा नकाशावरच कळते. खांडसची बाजू पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणजे सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीशी असतो आणि चढ सावलीत होतो. हे या फेऱ्याचं मोठं सुख. पण दुपारनंतर तेच ऊन उतरताना थेट तोंडावर येतं. टोपीला पुढे रुंद झालर हवी. मी सगळ्यांना सुती टोप्या शिवून दिल्या आहेत, मागे मानेवर पडणारा पट्टा लावून. पदर ते माथा मात्र दाट रान आहे, तिथे दुपारीही गारवा असतो.

पाणी माणशी चार लिटर. त्यातलं दोन पदरापर्यंत, मग पदरवाडीत किंवा वर भरून घ्यायचं. वाटेवरच्या ओहोळावर विसंबून निघू नका. नोव्हेंबरात खळखळणारा ओहोळ जानेवारीत नुसता दगडगोट्यांचा असतो. एका बाटलीत मीठ-साखरेचं पाणी: १ लिटरला ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. आमच्याकडे दुसरी बाटली कोकम सरबताची असते. खायला चपात्या नकोत, त्या वातड होतात. बाजरीची किंवा तांदळाची भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, काकडी, गूळ. काकडी जड वाटते पण अकरा वाजता तिच्यासारखं दुसरं काही नाही.

अंगावर काय? पूर्ण बाह्या. पायघोळ सलवार नको, घोट्यापर्यंतची सरळ विजार. वाटेच्या दोन्ही बाजूंना कारवी असते, ती ओरबाडते. आणि डिसेंबर-जानेवारीत खाजकुयलीच्या शेंगा पिकतात. तपकिरी, मखमली, हात लावावासा वाटतो. तिची लव अंगाला लागली तर चोळायचं नाही, पाणी लावून घासायचंही नाही. चिकटपट्टी लावून अलगद ओढायची, लव तिच्याबरोबर निघते. मी चिकटपट्टीचं एक रीळ पिशवीत ठेवतेच. बुटांच्या नाड्या उतारापूर्वी पुन्हा घट्ट आवळायच्या आणि आदल्या दिवशी पायाची नखं कापायची. नाहीतर गणेश घाटात अंगठा बुटाच्या टोकाला आपटून आपटून काळा पडतो.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती कुठल्याच यादीत नसते. लघवीला जायला लागू नये म्हणून पाणी कमी पिऊ नका. दर थांब्याला दोघी-दोघींनी आडोशाला जायचं, बाकीच्यांनी वाटेवर पाठ करून उभं राहायचं. ओहोळापासून लांब. कागद आणि पॅड पिशवीतून परत आणायचे. हे आधीच बोललं की कुणालाही संकोच राहत नाही.

वाट विचारण्याची रीत

या घाटांच्या पायथ्याला ठाकर आणि वर महादेव कोळी वस्त्या आहेत. वाटा त्यांच्या पायांनी पडलेल्या आहेत. पहिल्या खेपेला गावातला वाटाड्या घ्याच. मोबदला आदल्या रात्री ठरवायचा, घासाघीस करायची नाही, त्याचं जेवण आपल्याबरोबर बांधायचं. तो सोबत असला की नकाशा पिशवीत जात नाही, उलट हातात येतो. त्याला विचारत विचारत मी ओढे, फाटे, मोठं आंब्याचं झाड असं सगळं नकाशावर पेन्सिलने मांडते.

एकटंदुकटं कुणी भेटलं तर वाट विचारताना "भीमाशंकरला हीच वाट जाते ना?" असं विचारू नका. समोरचा माणूस मर्यादेने "हो" म्हणतो. "मामा, भीमाशंकरला कुठून जायचं?" असं विचारा. मग तो हात करून दाखवतो, आणि जिथे वाट फुटते तिथलं झाड किंवा दगडही सांगतो. वेळ विचारली तर त्याच्या पायांचा वेळ सांगतो. आपल्यासाठी त्याची दुप्पट धरायची.

वाट चुकते ती बहुतेक ढोरवाटेने. गुरांची वाट आधी चांगली रुंद असते, मग तिच्या चार-पाच वाटा होतात आणि गवतात किंवा पाणवठ्यावर विरून जातात. माणसांची वाट चढावर हेतूने चढते, तिच्या दगडांना पावलांनी तुळतुळीतपणा आलेला असतो, फाट्यावर कुणीतरी दगडावर दगड रचलेले असतात किंवा रंगाचा बाण मारलेला असतो. दहा मिनिटं यातलं काहीच दिसलं नाही तर पुढे शोधत बसायचं नाही. शेवटची खूण जिथे पाहिली तिथे परत जायचं. पदरगडाखाली आम्ही एकदा हे न केल्याने ओढ्याच्या पात्रात उतरलो आणि पुढे धबधब्याची कोरडी कडा आली. ओढा खाली जातो म्हणून त्याच्याबरोबर खाली जाता येतं, हा समज सह्याद्रीत जिवावर बेततो. आपले ओढे कड्यावरून उड्या मारतात.

मोबाईलमध्ये वाटेची नोंद आणि नकाशा घरूनच उतरवून घ्या. दरीत रेंज जाते. आणि मोबाईल एकीच्या नाही, दोघींच्या पिशवीत हवा.

रानात

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. पदर सोडून वरच्या रानात शिरलं की आवाज बदलतो. पाचोळा पायाखाली ओला आणि मऊ होतो, जांभूळ, हिरडा, अंजनीच्या फांद्या डोक्यावर जुळतात. इथे बोलणं थांबवा आणि वर बघत चला. आधी शेकरूचं, म्हणजे झाडावरच्या मोठ्या खारीचं, घरटं दिसतं, उंच फांदीच्या टोकाला काटक्या-पानांचा गोळा. शेकरू एकेक नव्हे, बरीच घरटी बांधतं, म्हणून प्रत्येक घरट्यात ते असेलच असं नाही. मग खडखड असा मोठा आवाज येतो, आणि तांबूस पाठ, फिकट शेपटी एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. आपल्या राज्याचा हा प्राणी प्रत्यक्ष पाहिला की आमच्यातली प्रत्येक जण दर वेळी तितकीच हरखते. वरचा चढ अडीच तासांचा धरला तो यासाठीच. तो दीड तासातही होतो, पण मग इथे येऊन काय केलं?

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, सुगंधी तेल, डिओ काही लावायचं नाही, विडी-काडी नाही, शेकोटी नाही, आरडाओरडा नाही. माश्या उठल्याच तर तोंड ओढणीने झाकून वाटेने दूर जायचं, हात हलवायचे नाहीत. शिड्यांपाशी थांबलेले असताना वर कड्याकडे एकदा नजर टाकायची सवय लावा.

वर मंदिरात अर्धा तास पुरतो, सोमवारी आणि श्रावणात पुरत नाही. निघण्यापूर्वी मंदिर परिसर खुला आहे ना, याची चौकशी करून घ्या. शिखराचं काम नाना फडणवीसांनी करवलं. आवारातली मोठी घंटा १७३९ च्या वसई मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणलेल्या घंटांपैकी आहे. आमच्यातल्या एकीला दर वेळी तिला हात लावून यायचं असतं. त्यासाठी आम्ही पाच मिनिटं जास्तीची धरतो.

अडचण आलीच तर

निघण्यापूर्वी एक कागद घरी ठेवा. त्यावर वाटेचं नाव, दोन्ही घाट, सगळ्यांची नावं, परत येण्याची वेळ, आणि "रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर" काय करायचं ते. तोच कागद खांडसमध्ये ज्यांच्या घरी मुक्काम केला त्यांनाही द्या. त्यांना तो सर्वात आधी उपयोगी पडेल. ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ पाठ असू द्या. वनविभागाचा १९२६ आहे. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक घरूनच लिहून घ्या. कशेळ्याला ग्रामीण रुग्णालय आहे. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चालवायचं नाही. तो अवयव हलणार नाही असा ओढणीने काठीला बांधून माणसाला उचलून न्यायचं. म्हणूनही गावातला माणूस सोबत हवा. डोली करून खाली न्यायला लागणारी माणसं त्याच्या एका हाकेवर येतात.

बॅटरी प्रत्येकीकडे स्वतंत्र, डोक्याला बांधायची. मोबाईलचा उजेड धरला की एक हात अडकतो, आणि घाटात दोन्ही हात लागतात.

खांडसला परत आलात की बूट काढण्याआधी वही काढा. मी डावीकडे घरी मांडलेल्या वेळा लिहून नेते आणि उजवीकडे खऱ्या वेळा लिहिते. पूल, शेवटची शिडी, पदर, माथा, परत पदर, पूल. कुठे पाणी होतं, कुठे वाट ढासळली होती, कुणाचा गुडघा कुठल्या टप्प्यावर दुखायला लागला, हेही. दुसऱ्या दिवशी लिहायला गेलं की दमणूक विसरलेली असते आणि सगळं सोपं होतं असं वाटतं. गेल्या डिसेंबरची माझी नोंद अशी आहे: पदर ९.४०, माथा १२.०५, पूल ५.५०. ठरल्यापेक्षा पंचवीस मिनिटं जास्त शिड्यांवर गेली. पुढच्या खेपेला साडेसहाऐवजी सव्वासहाला पुलाशी, आणि गट सहा जणींचाच.